पंधरा वर्षांच्या दुचाकीची परीक्षा

सकाळी अकराच्या सुमारास खेड्यातल्या कोणत्याही माध्यमिक शाळेच्या आवारात डोकावले, तर झाडाखाली ओळीने लावलेल्या मोटरसायकली दिसतात. त्या बहुतेक शिक्षकांच्या असतात. तालुक्याच्या गावाहून शाळेपर्यंत वीस किलोमीटर जाणे आणि वीस किलोमीटर येणे असे धरले आणि वर्षाचे कामाचे दिवस २२० मानले, तर वर्षाला ८,८०० किलोमीटर होतात. पंधरा वर्षांत होतात १ लाख ३२ हजार. पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर आहे. म्हणजे केवळ शाळेत जाता-येता ही गाडी पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालते आणि वर आणखी बारा हजार किलोमीटर चालते.

एवढे चालून झाल्यावर तिची पहिली सरकारी तपासणी होते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ती मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. मग गाडी आर.टी.ओ.कडे न्यायची, मोटार वाहन निरीक्षक ती पाहतात आणि ती रस्त्यावर चालण्यास योग्य असेल तर नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. यालाच आपण ‘गाडी पासिंगला नेणे’ म्हणतो. २०१० साली घेतलेली गाडी २०२५ मध्ये या परीक्षेला बसते.

इतर देशांत हे कसे चालते? ब्रिटनमध्ये अशी सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली. तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुनी वाहने तपासली जात आणि ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेच पाहिले जाई. नापास होणाऱ्या गाड्यांचे प्रमाण इतके मोठे निघाले, की पुढच्याच वर्षी मर्यादा दहावरून सात वर्षांवर आणावी लागली. १९६७ मध्ये ती तीन वर्षांवर आली. आज तिथे तीन वर्षे पूर्ण झालेल्या मोटरसायकलची दरवर्षी तपासणी होते. आपल्याकडे खाजगी दुचाकीला पहिली पंधरा वर्षे, पी.यू.सी. सोडली तर, कोणी काही विचारत नाही. मग विचारायचे कोणी? उत्तर उघड आहे, चालवणाऱ्याने. ते कसे विचारायचे आणि त्यामागे कोणते विज्ञान आहे, ते या लेखात पाहू.

सवय हे मापनयंत्र नव्हे

गाडी जुनी झाली तरी ‘मला तर काही त्रास जाणवत नाही’ असे पुष्कळ जण सांगतात, आणि ते खरेच सांगत असतात. ब्रेकचा लायनर एका दिवसात संपत नाही. तो रोज कणाकणाने झिजतो. त्याच गतीने आपला पाय थोडा अधिक दाबायला शिकतो, डोळे थोड्या मंद उजेडाला सरावतात, हात हँडलच्या ओढीला सरावतो. गाडी हळूहळू बिघडते आणि आपण हळूहळू तिच्याशी जुळवून घेतो. त्यामुळे फरक लक्षात येत नाही. तीच गाडी एखाद्या मित्राला चालवायला दिली, तर तो पहिल्या वळणावरच विचारतो, ‘अहो सर, याला ब्रेक आहेत का?’

प्रयोगशाळेत आम्ही तराजू आणि तापमापक ठरावीक मुदतीने प्रमाणित मापांशी ताडून पाहतो. तराजू बिघडल्याचा संशय आला म्हणून नव्हे, तर रोज त्याच तराजूवर काम करणाऱ्याला त्याची चूक दिसत नाही म्हणून. पासिंगचा अर्थही हाच आहे. गाडी ‘जाणवते’ कशी हे बाजूला ठेवून, ती ‘आहे’ कशी हे मोजायचे. निरीक्षकांकडे नेण्यापूर्वी घरीच हे मोजता आले, तर तीच खरी तयारी. त्यासाठी लागणारी साधने शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत: मोजपट्टी, व्हर्निअर कॅलिपर, टेप आणि वही.

ब्रेक

लहान मोटरसायकलींना बहुधा ड्रम ब्रेक असतात. ड्रममध्ये दोन अर्धवर्तुळाकार शू असतात आणि त्यांवर घर्षणाची पट्टी, म्हणजे लायनर, चिकटवलेला असतो. पेडल दाबले की एक कॅम फिरतो, शू बाहेर ढकलले जातात आणि फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. लायनर पातळ झाला की कॅमला जास्त फिरावे लागते आणि पेडल खोल जाते. मग आपण मागच्या दांड्याचा नट आवळतो. पेडल पूर्वीसारखे वर येते, ब्रेक ‘टाइट’ झाल्यासारखा वाटतो. परंतु लायनर होता तेवढाच पातळ राहिलेला असतो. नट आवळल्याने दुखणे बरे झालेले नसते, फक्त लक्षण दिसेनासे झालेले असते.

म्हणून अनेक गाड्यांत कॅमच्या दांडीजवळ एक बाण आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबून धरावा आणि कोणाला तरी बाण पाहायला सांगावे. बाण खुणेपर्यंत पोचत असेल तर नट आवळून उपयोग नाही, लायनर बदलायलाच हवा. ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुफ्फुसाला घातक असतात.

आता एक प्रश्न. पुढचा ब्रेक महत्त्वाचा की मागचा? पुष्कळ जण पुढच्या ब्रेकला घाबरतात आणि सगळे काम पायाच्या ब्रेकवर सोपवतात. हिशेब करून पाहू. गाडी आणि चालक मिळून वस्तुमान १८० किलोग्रॅम धरू. उभ्या गाडीत हा भार दोन्ही चाकांवर साधारण निम्मा-निम्मा, म्हणजे प्रत्येकी सुमारे ८८० न्यूटन असतो. ब्रेक लावला की शरीर पुढे झुकते हा सर्वांचा अनुभव आहे. तसाच भारही मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकतो. किती सरकतो? वस्तुमान गुणिले मंदन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन चाकांमधले अंतर. मंदन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग, उंची ०.६ मीटर आणि चाकांमधले अंतर १.२५ मीटर घेतले, तर उत्तर येते सुमारे ४३० न्यूटन. म्हणजे पुढच्या चाकावर सुमारे १,३१० आणि मागच्यावर फक्त ४५० न्यूटन. घर्षणबल भाराच्या प्रमाणात असते, त्यामुळे गाडी थांबवण्याची जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद त्या क्षणी पुढच्या चाकाकडे असते.

फक्त मागचा ब्रेक वापरला तर काय होईल? कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर चाक घसरण्यापूर्वी मिळणारे मंदन फार तर अडीच मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास येते. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. थांबण्याचे अंतर वेगाचा वर्ग भागिले दुप्पट मंदन. दोन्ही ब्रेकनी ५ चे मंदन मिळाले तर सुमारे १२ मीटर, नुसत्या मागच्या ब्रेकने सुमारे २४ मीटर. या दोन आकड्यांमधल्या १२ मीटरमध्ये रस्ता ओलांडणारे पोर असू शकते. चालकाने ब्रेक लावण्याआधीच्या एका सेकंदात गाडी आणखी ११ मीटर गेलेली असते, ते वेगळेच.

पासिंगपूर्वी ही परीक्षा स्वतः घेता येते. रिकामे, सपाट, कोरडे मैदान किंवा रहदारी नसलेला रस्ता निवडावा. डोक्यावर हेल्मेट असावे आणि मागे कोणाला बसवू नये. हा प्रयोग परवानाधारक मोठ्या माणसानेच करायचा, विद्यार्थ्यांनी दूर उभे राहून मोजमाप करायचे. खडूने आडवी रेघ मारावी. ताशी ३० किलोमीटर वेगाने येऊन पुढचे चाक रेघेवर आले की दोन्ही ब्रेक एकदम, पण चाक न अडकवता, दाबावेत. रेघेपासून थांबलेल्या पुढच्या चाकापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. तीन वाचने घेऊन सरासरी काढावी. अंतर ७ मीटर आले तर मंदन सुमारे ५, १० मीटर आले तर साडेतीन आणि १४ मीटर आले तर अवघे अडीच. रेघ ओलांडून मग ब्रेक लावण्याची सवय असेल तर अंतर जास्त येईल आणि वेगमापकही अचूक असेलच असे नाही. तेव्हा हा आकडा काटेकोर नाही. पण सहा महिन्यांनी त्याच मैदानावर पुन्हा मोजले तर गाडी कुठे चालली आहे ते तो नक्की सांगतो.

टायर

टायर ‘गोटा’ झाला की निरीक्षक गाडी परत पाठवतात. पण खाचा कशासाठी असतात? बहुतेक विद्यार्थी ‘घर्षण वाढावे म्हणून’ असे उत्तर देतात. कोरड्या रस्त्यावर ते खरे नाही. शर्यतीच्या मोटरसायकलींना कोरड्या दिवशी बिनखाचांचे गुळगुळीत टायर लावतात. खाचा आहेत त्या पाण्यासाठी. रस्त्यावर पाण्याचा थर असला की टायरला तो बाजूला सारून खालच्या खडीपर्यंत पोचावे लागते. खाचा म्हणजे ते पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या. मोरी उथळ झाली की पाणी तुंबते आणि रबर रस्त्याऐवजी पाण्यावर टेकते.

दुचाकीच्या टायरमधल्या खाचांची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी असा नियम आहे. ती मोजायला व्हर्निअर कॅलिपरची मागची पातळ खोली-पट्टी अगदी योग्य. टायरच्या मध्यावर आणि दोन्ही कडांना, परिघावर तीन-चार ठिकाणी वाचने घ्यावीत. मध्य जास्त झिजला असेल तर बहुधा हवा जास्त राहते किंवा सरळ रस्त्यावरचा प्रवास फार आहे, आणि दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते. व्हर्निअर नसेल तर खाचेत टायरनिर्मात्याने ठेवलेले छोटे उंचवटे शोधावेत. ते टायरच्या पृष्ठभागाशी सपाट झाले की टायरचे आयुष्य संपले.

या वाचनांवरून वर्गात एक छान आलेख होतो. समजा, नव्या टायरच्या खाचा ६ मिमी होत्या आणि ८,००० किलोमीटरनंतर त्या ४ मिमी उरल्या. म्हणजे दर हजार किलोमीटरला पाव मिलिमीटर झीज. रेषा पुढे वाढवली तर ०.८ मिमीची वेळ सुमारे २०,८०० किलोमीटरला येईल. वर काढलेल्या हिशेबाने शिक्षकाची ती तिसऱ्या वर्षातली जूनपूर्वीची वेळ असेल की नंतरची, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

खाचा असूनही टायर म्हातारा असू शकतो. प्राणवायू, ऊन आणि उष्णता यांनी रबर कडक होते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा दाखवतात आणि शेवटचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा.

हवेचा दाब गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तो टायर थंड असताना मोजायचा. याचे कारण अकरावीच्या विद्यार्थ्याला सांगता येईल. दाबमापक २ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाखवतो तेव्हा आतला निरपेक्ष दाब सुमारे ३ असतो. तापमान २७ अंश सेल्सिअसवरून ५७ अंशांवर गेले, म्हणजे ३०० केल्विनवरून ३३० केल्विन झाले, तर निरपेक्ष दाब ३.३ होतो आणि मापक २.३ दाखवतो. उन्हात वीस किलोमीटर पळालेल्या गाडीत ‘हवा बरोबर आहे’ असे दिसले, तर ती प्रत्यक्षात कमी आहे असे समजावे.

आणि हे सारे कशावर टेकलेले आहे? एका चाकावर ९०० न्यूटन भार आणि टायरमधला दाब २ लाख न्यूटन प्रति चौरस मीटर धरला, तर ढोबळमानाने टेकणारे क्षेत्रफळ ४५ चौरस सेंटिमीटर येते. आपला तळहातसुद्धा याहून मोठा असतो.

हँडल, चाके आणि चेन

गाडी डबल स्टँडवर लावावी आणि कोणाला तरी मागचा भाग दाबायला सांगून पुढचे चाक उचलून घ्यावे. फोर्कची खालची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढावीत. ‘टक्’ असा धक्का जाणवला तर कोनसेट ढिला आहे. मग एका बोटाने हँडल डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावे. अगदी मध्यावर ते किंचित अडकते का? अडकत असेल तर त्याचे कारण मनोरंजक आहे. हँडल बहुतेक वेळ सरळ असते, त्यामुळे खड्ड्यांचे सगळे धक्के कोनसेटमधल्या गोळ्या एकाच जागी सोसतात आणि वाटीत त्यांचे बारीक खळगे पडतात. मध्यावर आले की गोळ्या त्या खळग्यांत बसतात. अशा गाडीला सरळ रेषेतही सतत बारीक हेलकावे बसतात. नट आवळून हे जात नाही, वाट्या बदलाव्या लागतात.

चाक वर आणि खाली धरून दोन्ही बाजूंना हलवावे. हलले तर बेअरिंग संपले. तारांची चाके असतील तर प्रत्येक तारेवर पेन्सिलने हलकेच टिचकी मारावी. ताणलेली तार टणत्कार करते, ढिली तार बद्द आवाज देते. ताण आणि वारंवारता यांचा संबंध आपण स्वरमापीवर शिकवतो, तोच हा. चेन मध्यावर वर-खाली करून पाहावी. ती किती हलावी हे पुस्तिकेत असते, बहुधा दोन ते तीन सेंटिमीटर. चेनचे समायोजन करताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर मागचे चाक तिरके बसते.

दिवे

हेडलाइटचे लोअर-अप्पर, टेललाइट, ब्रेकलाइट आणि चारही इंडिकेटर लागले पाहिजेत. भिंतीसमोर गाडी उभी करून संध्याकाळी पाहिले तर एकट्यानेही तपासता येते. जुन्या लहान मोटरसायकलींच्या अनेक मॉडेलांत हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जनित्रावर चालतो. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमानुसार इंजिन मंद असेल तर विद्युतदाब कमी. म्हणून अशा गाडीचा उजेड रेस थोडी वाढवून पाहावा.

रेस वाढवूनही उजेड पिवळट राहत असेल, तर बल्बआधी जोडण्या पाहाव्यात. १२ व्होल्ट, ३५ वॅटच्या बल्बचा तापलेल्या स्थितीतला रोध सुमारे ४.१ ओहम असतो. गंजलेल्या अर्थिंगचा रोध केवळ अर्धा ओहम धरला, तर बल्बला मिळणारी शक्ती २८ वॅटवर येते. पण उजेडातली घट याहून मोठी असते, कारण तंतू थंड झाला की तो अधिक ऊर्जा अवरक्त किरणांत आणि कमी ऊर्जा दृश्य प्रकाशात देतो. उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. पॉलिश कागदाने गंज घासून जोडणी आवळली, की पैसा न खर्चता तो परत मिळतो.

मागचा तांबडा परावर्तक पुसून ठेवावा. त्याला वीज लागत नाही, म्हणून तो कधी ‘जात’ नाही आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतो. त्याच्या आत परस्परांना लंब असलेल्या तीन पृष्ठांचे असंख्य छोटे कोपरे असतात. प्रकाश कोणत्याही दिशेने आला तरी तीन परावर्तनांनंतर तो आला त्याच दिशेला परत जातो. तीन चौकोनी आरसे कोपऱ्यासारखे जोडून त्यात पाहिले, तर कोठूनही आपलाच डोळा दिसतो. प्रयोग करून पाहावा.

धूर

पी.यू.सी. प्रमाणपत्र वैध असावे लागते. २००० सालच्या मार्चनंतर बनलेल्या, बीएस-४ पूर्वीच्या चार-स्ट्रोक दुचाकींसाठी मर्यादा अशी: मंद चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएम. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ दुचाकींसाठी हीच मर्यादा ०.५ टक्के आणि ५०० पीपीएम आहे. वीस वर्षांत अपेक्षा किती बदलल्या ते यावरून दिसते.

हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते. हवा कमी पडली तर कार्बनला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तेव्हा हा आकडा वाढला तर प्रथम तुंबलेला एअर फिल्टर, अर्धवट ओढलेला चोक आणि कार्बोरेटरचे मिश्रण पाहावे. हायड्रोकार्बन म्हणजे न जळताच बाहेर पडलेले पेट्रोल किंवा ऑइल. हा वाढला तर प्लग, व्हॉल्व्हचे अंतर आणि पिस्टन रिंग तपासाव्यात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. प्लग काढून पाहिला तर तोच बरेच सांगतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर मिश्रण पेट्रोलबहुल, ओला तेलकट असेल तर ऑइल वर येते आहे.

तपासणीपूर्वी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून इंजिन गरम करावे. थंड इंजिनात पेट्रोलची पूर्ण वाफ होत नाही आणि आकडे विनाकारण वाढतात. गरम करण्यासाठी गाडी बंद खोलीत चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि त्याला वास नसतो.

इथे एक पळवाट सर्वांना ठाऊक आहे. मिश्रणाचा स्क्रू तपासणीपुरता फिरवायचा, आकडा खाली आणायचा आणि बाहेर पडल्यावर पुन्हा होता तसा करायचा. शिक्षकांना यात काही ओळखीचे वाटेल. आदल्या रात्री गाइड पाठ करून मिळवलेल्या गुणांसारखाच हा प्रकार आहे. कागदावर गाडी पास होते, पण पुढचे सहा महिने तिच्यामागून सायकलवर येणारी मुले तोच धूर ओढत राहतात.

क्रमांक आणि कागद

नोंदणी पुस्तिकेतले चासिस व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळावे लागतात. पंधरा वर्षांच्या चिखलाखाली आणि रंगाखाली चासिस क्रमांक दडलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने तो पुसावा आणि वर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा. घासायला काचकागद वापरू नये, क्रमांक पुसट झाला तर निष्कारण अडचण येते. विमा आणि पी.यू.सी. चालू असावी, नव्या पद्धतीची उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असावी. मूळचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवला असेल किंवा अनेक सुरांचा हॉर्न लावला असेल तर तो आधीच बदलावा. दोन्ही नियमबाह्य आहेत.

परीक्षेनंतर

पासिंग झाले, आता पाच वर्षे चिंता नाही, असे म्हणावे का? परीक्षा काय मोजते आणि काय मोजत नाही हे शिक्षकांइतके कोणाला ठाऊक असणार! ती तपासणी काही मिनिटांची असते. धूर मोजला जातो तो उभ्या गाडीचा, चढावर ओझे घेऊन जाणाऱ्या गाडीचा नव्हे. ब्रेक पाहिले जातात ते त्या दिवशी, एकटा चालक असताना. प्रमाणपत्र सांगते की अमुक तारखेला गाडी ठीक होती. त्यानंतर लायनर झिजायचा थांबत नाही.

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. यांतल्या बहुतेक अपघातांमागे वेग होता, बिघडलेली गाडी नव्हे, हे मान्य केले पाहिजे. पण वेगाची शिक्षा किती अंतरात भोगावी लागते, हे शेवटी ब्रेक आणि टायरच ठरवतात.

म्हणून एक साधी वही ठेवावी. हवा दर पंधरवड्याला, ब्रेकचा बाण आणि दिवे महिन्याला, टायरची खोली आणि थांबण्याचे अंतर मे महिन्याच्या शेवटी व दिवाळीत. मे अखेर यासाठी, की महाराष्ट्रात शाळा आणि पाऊस दोन्ही जूनमध्येच सुरू होतात. तारीख, किलोमीटर आणि वाचन एवढेच लिहायचे. दोन वर्षांची वही हातात असली की पासिंगसाठी वेगळी तयारी अशी उरत नाही.

हीच वही विद्यार्थ्यांकडून त्यांच्या सायकलींसाठी करून घेता येईल. सायकलला कोणताही निरीक्षक पासिंगला बोलावत नाही. पण तिलाही ब्रेकचे रबर आहे, टायर आहे, चेन आहे, घंटी आणि मागचा तांबडा परावर्तक आहे. आठवी-नववीच्या मुलांचे चार-चारचे गट करावेत, तपासणीची यादी त्यांनाच बनवू द्यावी आणि एका शनिवारी शाळेतल्या सर्व सायकली तपासाव्यात. किती सायकलींना मागचा ब्रेक चालतच नाही, हा आकडा फळ्यावर लिहावा. ज्यांचे ब्रेक चालत नाहीत त्यांची रबरे त्याच दिवशी बदलून मगच त्यांना घरी सोडावे.